जुनं लिस्टर सीएस ६/१ डिझेल इंजिन बोटीत बसवता येईल का? सहा एचपी पुरतील का?

बसवता येईल. संथ पाण्यात, कालव्यात किंवा शांत नदीत, तीन-चार टनांच्या सावकाश चालणाऱ्या बोटीला सहा एचपी पुरतात. ताकदीची काळजी सोडा. खरं काम आहे ते फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या अवजड चाकाच्या) पलीकडे, जिथून पंख्याचा, म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरचा, शाफ्ट सुरू होतो तिथे.

इंग्लंडमधल्या डर्सलीच्या लिस्टर कंपनीचं हे इंजिन १९३०च्या सुमारास बाजारात आलं. एकच सिलिंडर, साडेचार इंची बोअर (सिलिंडरचा व्यास), साडेपाच इंची स्ट्रोक (पिस्टनची धाव), ६५० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ६५० फेऱ्या. काँक्रीटच्या चौथऱ्यावर घट्ट बोल्ट करायचं आणि पट्ट्याने पंप, गिरणी किंवा जनरेटर फिरवायचा, यासाठीच ते बनलं. त्यामुळे ते एकाच दिशेला, जवळपास एकाच वेगाने फिरतं. बोटीला मात्र रिव्हर्स लागतो, धक्क्याजवळ हळू यावं लागतं, आणि पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा शाफ्ट पुढे रेटला जातो, तो रेटा कुणीतरी पेलावा लागतो.

रिव्हर्सची अडचण डिझेल बोटींइतकीच जुनी आहे. १९०३ साली व्होल्गा नदीवर ‘वांडाल’ नावाचं तेलवाहू जहाज उतरलं. त्यात १२० एचपीची तीन डिझेल इंजिनं होती, पण ती उलटी फिरत नसत. म्हणून त्यांना जनरेटर जोडले आणि पंखे विजेच्या मोटरींनी फिरवले. मला हा उपाय आजही फार देखणा वाटतो.

तुम्ही बहुधा गिअरबॉक्स लावाल, आणि घोटाळा इथेच होतो. ‘२० एचपीपर्यंत चालेल’ असं लिहिलेला छोटा मरीन गिअरबॉक्स मिळाला, इंजिन तर सहाच एचपीचं, मग काय हरकत, असं वाटतं. पण गिअरबॉक्सला एचपी कळत नाही, त्याला टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, कळतो. ३००० आरपीएमवर २० एचपी म्हणजे साधारण ४७ न्यूटन-मीटर. ६५० आरपीएमवर सहा एचपी म्हणजे जवळजवळ ६६. म्हणजे तुमचं ‘लहान’ इंजिन त्या गिअरबॉक्सवर जास्त भार टाकतं! म्हणून १०० आरपीएममागे किती एचपी चालतात हे विचारूनच गिअरबॉक्स घ्या. तुमच्यासाठी हा आकडा ०.९२ येतो, मी त्याच्या किमान दुप्पट क्षमतेचा घेईन.

दुप्पट का, तर फ्लायव्हीलमुळे. दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, मिनिटाला ३२५ वेळा. मधल्या वेळेत इंजिन फिरतं ठेवायला ती दोन अवजड चाकं लागतात. स्फोटांचे हिसके ती बरेच मऊ करतात, हे खरं. पण उद्या पंख्यात ओंडका किंवा दोर अडकला तर चाकं जागच्या जागी थांबणार नाहीत. त्यांच्यातली सगळी ऊर्जा शाफ्टवर आणि गिअरच्या दातांवर येईल, आणि जे कमकुवत असेल ते तुटेल.

याच कारणासाठी मला पट्टा आवडतो. इंजिन आणि शाफ्टच्या मध्ये पट्टा असला की अडकल्यावर तो घसरतो आणि बाकी सगळं वाचतं. शिवाय इंजिन सपाट ठेवता येतं. या इंजिनात तेल उडवून वंगण होतं, त्यामुळे ते शाफ्टच्या उताराप्रमाणे तिरकं बसवलं तर तेल एका टोकाला साचतं. पट्टा घेतलात तर शाफ्टवर वेगळा थ्रस्ट बेअरिंग (पंख्याचा रेटा पेलणारा बेअरिंग) आणि रिव्हर्सची सोय करावीच लागेल. पंख्याचा रेटा इंजिनच्या क्रँकवर (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर) कधीही येऊ देऊ नका, त्याचे बेअरिंग त्यासाठी नाहीत.

बैठक बोटीच्या लांबीत जाणाऱ्या जाड तुळयांवर करा आणि शाफ्टची रेषा बोट पाण्यात उतरवल्यावर पुन्हा तपासा, कारण जमिनीवर आणि पाण्यात सांगाड्याचा आकार थोडा बदलतो. जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या थंड पाण्याच्या पोकळीत, खारं पाणी फिरवू नका. तळाला लावलेल्या पाइपांतून गोडं पाणी पंपाने फिरवा. सायलेन्सरच्या पाइपला उष्णतारोधक गुंडाळी हवी, धूर पूर्ण बाहेर जायला हवा, आणि दोन्ही चाकांना मजबूत जाळी हवी. याला पर्याय नाही.

समुद्रात मात्र हे इंजिन नेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. हलत्या बोटीत वंगणाचा भरवसा नाही, आणि बंद पडलं तर डोलत्या तळावर उभं राहून ती चाकं हँडलने फिरवावी लागतील. जुन्या इंजिनाचाच ध्यास असेल तर बोटींसाठी बनलेली इंजिनं बघा. रसेल न्यूबेरीचं डीएम२ १००० आरपीएमवर १८ एचपी देतं. गार्डनर आणि केल्विनही उत्तम. स्वीडनचं बोलिंडर तर गिअरबॉक्सशिवाय उलटं फिरायचं: वेग उतरवून अगदी नेमक्या क्षणी इंधन आधी सोडायचं, की पिस्टन मागे फेकला जाऊन इंजिन उलट दिशा पकडायचं.

तुमच्या इंजिनाची एक मोठी जमेची बाजू राहिलीच. ६५० आरपीएमवर रिडक्शन (वेग कमी करणारे गिअर) न लावताही मोठा, संथ पंखा फिरवता येतो, आणि जड बोटीला असाच पंखा चांगला रेटतो. फक्त तळाखाली तेवढी जागा हवी: पात्याचं टोक आणि तळ यांच्यात व्यासाच्या १० ते १५ टक्के अंतर धरा. बोटीचं वजन, पाण्याच्या रेषेवरची लांबी आणि ही जागा मोजून इथे लिहा, पंख्याचा आकार आपण मिळून काढू.