मुलीला सीएनसी राउटर घेऊन खुर्च्या करायच्यात, कर्ज काढू का?

ताई, डिचोलीहून तुमचं पत्र मिळालं. मुलगी बारावी सायन्स झाली, मॅथ्स चांगलं आहे, घरामागे मिस्टरांची सुतारकामाची शेड आहे, आणि तिला इंजिनिअरिंग नको, सीएनसी राउटर घेऊन किचनसाठी रंगीत लाकडी खुर्च्या गिऱ्हाईक सांगेल त्या साइजच्या आणि रंगाच्या करून विकायच्यात. तुम्ही विचारलंय की हे करिअर आहे का, आणि मशीनसाठी बँकेचं कर्ज काढू का.

करिअर नक्की आहे. कर्ज मात्र आत्ता नको.

सीएनसी राउटर म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन, ते ड्रॉइंगप्रमाणे कापून देतं, पण खुर्ची मोडते ती सांध्यात. आपण सगळेच जेवून झाल्यावर खुर्ची मागे कलवून बसतो ना, तेव्हा सगळा जोर सीट आणि मागचा पाय जिथे मिळतात तिथे येतो, आणि तो मागचा पाय वाकडा दिसावा म्हणून सरळ फळीतून तसाच कापला तर वळणावर लाकडाचे रेषे तुटके राहतात आणि एक दिवस पाय तिथेच चिरतो. हे कॉम्प्युटरला कळत नाही, मिस्टरांना फळी हातात घेतल्याबरोबर कळेल. म्हणून मला वाटतं या धंद्यातली सगळ्यात मोठी गुंतवणूक तुमच्या शेडमध्ये आधीच आहे, मुलीने निदान वर्षभर बाबांच्या हाताखाली काम करावं आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचं फ्यूजन हे सॉफ्टवेअर शिकावं, शिकण्यापुरतं ते फुकट मिळतं, नाहीतर फ्रीकॅड आहेच.

मग कापणार कशावर? जॉबवर्क. म्हापसा, फोंडा, मडगाव भागात दरवाजे आणि जाळ्या कापून देणाऱ्यांकडे चौकशी करा, ड्रॉइंगची फाइल आणि प्लाय आपला न्यायचा, कापायचे पैसे द्यायचे. तिथे उभं राहूनच ती खरं शिकेल. उदाहरणार्थ १८ एमएमचा म्हणून आणलेला प्लाय व्हर्निअरने, म्हणजे जाडी मोजायच्या मापाने, मोजला तर बरेचदा १७ पॉइंट काहीतरी भरतो, खाच १८ ची कापली की खुर्ची पहिल्या दिवसापासून डुगडुगते, म्हणून प्रत्येक नवीन शीटच्या तुकड्यावर दोन-तीन मापांच्या खाचा कापून आधी बसवून बघायच्या. आणि मशीनचा बिट, म्हणजे कापायचं पातं, गोल असतो, ६ एमएमच्या बिटने आतला कोपरा काटकोनात येतच नाही, ३ एमएमची गोलाई राहते, तिथे कोपऱ्यात थोडं जास्त खोदायला ड्रॉइंगमध्येच सांगावं लागतं नाहीतर पटाशी घेऊन बसायचं. सांध्याच्या आत रंग पण जाऊ द्यायचा नाही, टेप लावायची, रंगावर ग्लू धरत नाही आणि रंगाच्या थराने माप पण बदलतं.

रंगाबद्दल जरा जास्त लिहितो कारण गोव्यात या धंद्याचा कस तिथे लागतो. कापायला जेवढा वेळ जातो त्याच्या कितीतरी पट वेळ घासणं, पुट्टी, प्रायमर, परत घासणं यात जातो, आणि जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की पीयूमध्ये (पॉलियुरेथेन रंगात) फुगे येतात, लॅकर पांढरट पडतं. तेव्हा चवथीआधी डिलिव्हरी देतो असं कोणालाही कबूल करायचं नाही, जोवर बंद, कोरडी खोली नाही. पायांचे तळ आधी सील करायचे. रोज लादी पुसताना पाणी तिथूनच वर चढतं, आणि रंग पहिल्यांदा सुटतो तो तिथे. प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, आयएस ७१० शिक्क्याचा घ्या. एकदा तिला कुंकळ्ळीला घेऊन जा, चितारी कारागिरांची रंगवलेली लाकडी कामं बघू दे, लाकडावरचा रंग म्हणजे काय ते आपल्याच गोव्यात इतकं सुंदर कुठे बघायला मिळणार.

शिक्षण सोडू नका पण. हातात सर्टिफिकेट हवं तर आयटीआयला लाकूडकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, मशीनकडे जास्त ओढा असेल तर मशिनिस्ट दोन वर्षांचा. डिझाइनची खरी आवड दिसली तर एनआयडीची (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) एंट्रन्स द्यायला लावा, तिथे फर्निचर डिझाइन बी.डेस., म्हणजे डिझाइनच्या पदवीत आहे. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजीत वुडवर्किंगचं ट्रेनिंग सेंटर आहे, तिथल्या शॉर्ट कोर्सची चौकशी करा, तिच्यासाठी मला तेच सगळ्यात योग्य वाटतं.

पैशाचं म्हणाल तर मिस्टर स्वतः सुतार आहेत, कारागिरांसाठीच्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम येतं, त्यात पहिलं कर्ज १ लाखापर्यंत ५ टक्क्यांनी मिळतं आणि तारण लागत नाही. घरातल्या एकालाच घेता येतं, तेव्हा त्यांच्या नावावरच बघा. त्यातून धूळ ओढणारं मशीन, चांगले मास्क आणि रंगाची खोली आधी होऊ दे.

सध्या तिला चारच खुर्च्या करायला सांगा, तुमच्याच स्वयंपाकघरासाठी, आणि एक पावसाळा रोज वापरा. प्लाय, कापणी, रंग, घासायला गेलेले तास, सगळं वहीत लिहायचं, स्वतःची मजुरी धरून. नोव्हेंबरात त्या वहीचे आणि खुर्च्यांच्या सांध्यांचे फोटो मला पाठवा, मशीन कुठलं आणि केवढं घ्यायचं ते तेव्हा बसून ठरवू.