बेल्जियममधल्या बँशच्या कार्निव्हलला एकच दिवस जाता येणार आहे. दुपारी पोचलं तर चालेल का?

मंगळवार धरा आणि जमलं तर पहाटेच पोचा. दुपारी गेलात तर पिसांच्या टोप्या दिसतील आणि संत्री मिळतील, पण तोवर निम्मा कार्निव्हल उरकलेला असतो. बँशच्या लोकांना विचाराल तर जास्त चांगला तो निम्माच.

तारीख दरवर्षी बदलते. ईस्टरच्या 47 दिवस आधीचा मंगळवार म्हणजे 'मार्दी ग्रा'. 2027 मध्ये तो 9 फेब्रुवारीला येतो. त्याच्या आदला रविवार वेगवेगळ्या सोंगांचा, सोमवार मुख्यतः तरुण पोरांचा. पण ज्याच्यामुळे 2003 मध्ये युनेस्कोने या गावाची दखल घेतली तो 'झील', म्हणजे पेंढा भरलेल्या पोशाखातलं इथलं पारंपरिक सोंग, फक्त मंगळवारी रस्त्यावर येतो. (मालवणीत झील म्हणजे मुलगा. इथेही मुलगाच लागतो, बायकांना झील होता येत नाही. शिवाय तो जन्माने बँशचा हवा, नाहीतर निदान 5 वर्षं तिथे राहिलेला.)

सकाळ चुकवू नका म्हणतोय त्याचं कारण पेंढा. झीलचा पोशाख जाड तागाचा असतो आणि त्यावर काळे, पिवळे, लाल सिंह, मुकुट, चांदण्या शिवलेल्या असतात. तो अंगात चढवला की छातीत आणि पाठीत पेंढ्याचे पीळ कोंबतात. हे काम स्वतःचं स्वतःला जमत नाही, त्याला जाणता माणूस लागतो आणि ते घरीच, त्याच पहाटे होतं. पेंढा सैल भरला तर दिवसभरच्या नाचात खाली बसतो आणि कुबड एका बाजूला लोंबायला लागतं. फार ठासला तर हात वर जात नाही, मग संत्रं फेकणार कसं? पुढून-मागून सारखा गोल भरला की वरून झालरीची कॉलर, कमरेला घंट्या लावलेला लोकरी पट्टा, डोक्याला पांढरी टोपी, तिच्यावरून घट्ट बांधलेला रुमाल आणि पायात लाकडी खडावांसारखे बूट. हा पोशाख बहुतेकांचा भाड्याचाच असतो.

पहाटे चारच्या सुमारास ढोलवाला पहिल्या झीलच्या दारात येतो. तो बाहेर पडतो, दोघे मिळून दुसऱ्याच्या घरी, मग तिसऱ्याच्या, अशी अंधारात टोळी वाढत जाते. एकच नियम नीट लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातून आपोआप कळतं: झील ढोलाशिवाय चालत नाही. एकट्याला कुठे जायचं झालं तरी सोबत ढोल लागतो. म्हणून छापील वेळापत्रक घेऊन धावाधाव करू नका. एखादा ढोल गाठा आणि त्याच्या मागे राहा. ढोल आणि झील यांच्या मधून मात्र रस्ता ओलांडायचा नाही. दगडी फरशीवर लाकडी बुटांचा ठेका त्या ढोलावरच पडत असतो, तुम्ही मध्ये घुसलात की तो तुटतो. वाजणाऱ्या चाली ठरलेल्या आहेत, 26. तासाभरात दोन-तीन तुमच्याही कानात बसतील.

मेणाचा लेप दिलेले मुखवटे सकाळीच दिसतात. हिरवा चष्मा, बारीक मिशी, हनुवटीवर टोकदार दाढी. सगळे चेहरे एकसारखे. नगरपालिकेच्या इमारतीपाशी ते येतात आणि दुपारपर्यंत उतरतात. नंतर कितीही शोधलंत तरी दिसणार नाहीत. हातात काटक्यांची जुडी असते तीही सकाळचीच.

दुपारी तीनच्या सुमाराला मोठी मिरवणूक. आता डोक्यावर शहामृगाच्या पिसांची उंच टोपी, वजन सुमारे 3 किलो. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर ती घालत नाहीत, कारण भिजलेलं पीस गेलंच म्हणून समजा. तसं झालं तर नशिबाला दोष द्या, आयोजकांवर चिडू नका.

आता संत्र्यांविषयी. टोपलीतून संत्री येतात, काही हळूच हातात दिली जातात, काही भिरकावली जातात. तो प्रसाद समजा. झेला, खा, पिशवीत टाका, पण परत फेकू नका, तो अपमान होतो. रस्त्यावरच्या खिडक्यांना जाळ्या आणि फळ्या ठोकलेल्या दिसतील त्या याचसाठी. फोन डोळ्यांसमोर धरून उभे राहिलात तर संत्रं बरोबर तिथेच बसतं. लहान मूल सोबत असेल तर पहिल्या रांगेत उभं करू नका, आणि काचेचा चष्मा असेल तर जपा.

रात्री चौकात झीलांच्या सगळ्या मंडळांचा गोल नाच आणि आतषबाजी असते. त्यानंतरही ढोल बुधवार उजाडेपर्यंत थांबत नाहीत. ब्रसेल्सहून रेल्वेने साधारण तासाभराचा रस्ता आहे, पण परतीची शेवटची गाडी कधी आहे ते आधीच बघून ठेवा.

कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की झील हे पेरूच्या इंका लोकांचं सोंग आहे, 1549 मध्ये इथल्या राजवाड्यात झालेल्या शाही सोहळ्यातून आलेलं. सोहळा खरा होता, पण तो ऑगस्टमधला, कार्निव्हलचा त्याच्याशी संबंध नाही. इंकांची जोड 1872 च्या सुमारास आदोल्फ देल्मे नावाच्या पत्रकाराने दिली. बँशच्या कार्निव्हलचा उल्लेख 1394 चा आहे आणि झीलचा अठराव्या शतकाच्या अखेरीचा. गंमत अशी की गावातल्या झीलांच्या एका मंडळाचं नाव आजही 'इंका' आहे.

आणि मंगळवार हुकलाच तर? बँशचा झील गावाबाहेर जात नाही. पण जवळच्या ला लुव्हिएर गावातही झील आहेत आणि त्यांचा कार्निव्हल ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या मध्यावर, चौथ्या रविवारच्या सुमारास असतो. 2027 मध्ये तो रविवार 7 मार्चला येतो. तिकडे जाऊन या, फक्त बँशच्या माणसासमोर दोन्हींची तुलना करू नका.