परग्रहवासीयांचे कार्यक्रम बघतोयस? मग एवढं सांभाळ

मित्रा, बघणं बंद करू नकोस, मजा असते त्यात. फक्त सुरुवातीला दोन सवयी लाव.

१. निवेदकाच्या वाक्याचा शेवट ऐक. "हे परग्रहवासीयांचं काम तर नसेल?" हा प्रश्न झाला, पुरावा नव्हे. नवखे इथेच गंडतात, कारण मागचं धीरगंभीर संगीत 'हो' म्हणत असतं. आपल्या राजापूरकडचं बारसूचं कातळशिल्प घे. माणूस मधे, दोन्ही बाजूंना वाघ. कॅमेरा वरून फिरवून असलं चित्र 'अंतराळवीर' म्हणून सहज खपवता येईल. सड्यावर, म्हणजे तिथल्या खडकाळ पठारावर, स्वतः जाऊन ये. जांभ्यातली ती खोदाई बोटाने चाचपून बघू नकोस मात्र, झिजते, नुसती बघ. माणसाच्या हाताला जमणारं काम आहे ते.

२. काय गाळलंय ते शोध. १९७७ चा अमेरिकेतला 'वॉव' सिग्नल, म्हणजे तिथल्या रेडिओ दुर्बिणीने आकाशातून टिपलेला एक जोरदार रेडिओ संकेत, सगळे रंगवून सांगतात. तो ७२ सेकंद टिकला आणि नंतर पुष्कळ शोधूनही पुन्हा मिळाला नाही, हे घाईत उरकतात.

आणि पडद्यावर बोलणाऱ्याच्या नावाखाली नुसतं 'संशोधक' असेल तर विचार, कशाचा?

ड्रेक समीकरण (आकाशगंगेत आपल्याशी संपर्क करू शकतील अशा संस्कृती किती, याचा अंदाज बांधायचं सूत्र) वगैरे नंतर बघू. आधी एक भाग वही घेऊन बघ, आणि किती वाक्यं प्रश्नचिन्हाने संपली ते मला कळव.