भीती कुणाची आणि कुणासाठी?

प्रश्न : मी मिरजेच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. इंग्लंडमध्ये नोकरीसाठी ओईटी, म्हणजे डॉक्टर-परिचारिकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची तयारी चालू आहे. सरावाच्या संवादात ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरलेल्या आजींना मी ‘डोन्ट फिअर’ म्हणाले. शिकवणाऱ्यांनी ते खोडलं, कारण सांगितलं नाही. अफ्रेड, स्केअर्ड, फ्रायटन्ड, अँक्शस यांत नेमका फरक काय? मला सगळ्यांचा अर्थ ‘घाबरलेला’ एवढाच कळतो.
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, ‘डोन्ट फिअर’ व्याकरणात बसतं, पण माणसाच्या तोंडी बसत नाही. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलात देवदूत ‘फिअर नॉट’ म्हणतात, तिथं ते शोभतं. खाटेशेजारी उभं राहून आज कुणी असं बोलत नाही. ‘आय ॲम फिअरिंग’ हेही सोडून द्या. ‘मला भीती वाटते’चं ते शब्दाला शब्द लावून केलेलं रूप आहे. बोलताना ‘आय ॲम स्केअर्ड’ किंवा ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणायचं.

अफ्रेड, स्केअर्ड आणि फ्रायटन्ड यांच्या अर्थात फारसं अंतर नाही. स्केअर्ड जास्त घरगुती, पोरंसोरंही तेच म्हणतात. ‘स्केअरी’शी मात्र त्याची गल्लत नको. ‘आय ॲम स्केअरी’ म्हणालात, तर समोरच्याला तुमचीच भीती वाटते असा अर्थ होईल.

माझ्या मते खरा अभ्यास करायचा तो या शब्दांच्या मागून येणाऱ्या चिमुकल्या शब्दांचा. नर्सिंगच्या मुलींना शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवते. समजा, पोटात दुखतं म्हणून दाखल झालेली बाई म्हणाली, ‘आय ॲम अफ्रेड फॉर माय हजबंड’. म्हणजे तिला नवऱ्याची काळजी लागलीय. तो घरी एकटा असेल, आजारी असेल. तीच बाई ‘आय ॲम अफ्रेड ऑफ माय हजबंड’ म्हणाली, तर ती नवऱ्याला घाबरते. कदाचित घरी मारहाण होत असेल. हे ऐकल्यावर पुढं जाऊ नका. आवाज खाली आणा, नवरा जवळपास नसताना तिच्याशी बोला आणि वरिष्ठांच्या कानावर घाला. ‘फॉर’ आणि ‘ऑफ’ दोन्ही इतके हळू उच्चारतात, की सवय नसलेल्या कानाला फरक लागत नाही. शंका आली तर सरळ पुन्हा विचारा. त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट, भीतीचं कारण घडून गेलंय की अजून यायचंय? ‘आय ॲम ड्रेडिंग द ऑपरेशन’ म्हणजे उद्याची धास्ती घेतलीय, तुमच्या आजींना हाच शब्द लागू पडतो. ‘इट गेव्ह मी अ फ्राइट’ म्हणजे काळजात धस्स झालं होतं, पण तो क्षण सरला. ‘आय ॲम पॅनिकिंग’ म्हणजे आत्ता, या घडीला जीव घाबराघुबरा झालाय. तेव्हा गप्पा बाजूला ठेवून आधी नाडी आणि श्वास बघायचा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अँक्शस जरा फसवा आहे. ‘अँक्शस अबाउट द रिझल्ट’ म्हणजे रिपोर्टची चिंता. ‘अँक्शस टू गो होम’ म्हणजे घरी जायची ओढ लागलीय, घराची भीती नव्हे. तसंच ‘आय ॲम अफ्रेड आय कान्ट ईट धिस’ यात भीती औषधालाही नाही. ‘माफ करा हं, हे मला खाववत नाही’ एवढंच म्हणायचंय. तुम्हीही ते वापरा : ‘आय ॲम अफ्रेड द डॉक्टर इज बिझी ॲट द मोमेंट’. नुसत्या ‘नो’पेक्षा हे कितीतरी सभ्य वाटतं.

आणखी एक. तिकडच्या वयस्कर माणसांना दुःख मोठं करून सांगायची सवय नसते. आजी ‘आय ॲम अ बिट वरीड’ म्हणाल्या, तर त्या ‘अ बिट’वर जाऊ नका, चेहरा बघा. उलट एखादा तरुण इंजेक्शन बघून ‘पेट्रिफाइड’ म्हणेल. शब्दशः त्याचा दगड झालाय, पण बहुतेकदा ते नुसतं बोलणं असतं.

आता ‘डोन्ट फिअर’च्या जागी काय? ‘डोन्ट वरी’ही मला आवडत नाही, त्यानं आजींचं तोंडच बंद होतं. म्हणा, ‘आय कॅन सी यू आर वरीड. व्हॉट वरीज यू मोस्ट?’ आणि थांबा. कदाचित भूल उतरेल की नाही याची धास्ती असेल, कदाचित घरच्या मांजराला कोण खायला घालेल याची. त्या ‘फ्रायटन्ड’ म्हणाल्या तर तुम्हीही ‘फ्रायटन्ड’च म्हणा, त्यांचा शब्द बदलू नका. या परीक्षेत भाषेसोबत रुग्णाशी नातं कसं जोडता, त्याचं म्हणणं कसं समजून घेता, यालाही गुण आहेत. तुमची रोजची सेवा तिथं कामी येईल.

प्रश्न : मुलानं निबंधात ‘ॲन अफ्रेड बॉय’ लिहिलं. बाईंनी गुण कापले. ‘अ स्केअर्ड बॉय’ चालतं, मग हे का नाही?
— एक पालक, नांदेड

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. अस्लीप, अलाइव्ह, अवेक यांच्यासारखाच अफ्रेड हा शब्द नामाच्या आधी बसत नाही, क्रियापदानंतर येतो : ‘द बॉय वॉज अफ्रेड’. आधी लावायचा तर ‘अ फ्रायटन्ड बॉय’. मुलाला हेही सांगा, की हॉरर या शब्दाचं लॅटिन मूळ ‘अंगावरचे केस उभे राहणे’ असं आहे आणि आपला ‘हर्ष’ त्याच घराण्यातला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. आनंदानंही काटा येतो, भीतीनंही. अशी एखादी गोष्ट हाती लागली, की पोरं शब्दकोश आपणहून उघडतात.