गणिताची शंकापेटी: वजा तीन, तरी उजवीकडे?

प्रश्न: मी अकरावीत आहे. य = क्ष² मध्ये क्षच्या जागी (क्ष − ३) घातलं की आलेख उजवीकडे सरकतो. वजा आहे तर डावीकडे का नाही? आणि क्ष² + ३ केलं तर मात्र सरळ वर जातो. पाठच करून टाकू का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: पाठ मुळीच करू नकोस. आलेखवही काढ आणि एवढंच विचार: कंसात शून्य कधी येतं? आधी क्ष = ० ला यायचं, आता क्ष = ३ झाल्याशिवाय येत नाही. जी किंमत ० वर मिळायची ती ३ वर मिळते, १ वरची ४ वर. म्हणून अख्खा आलेख उजवीकडे.

आता खरी गंमत. य = क्ष² + ३ मधला ३ डाव्या बाजूला ने: य − ३ = क्ष². इथेही वजाच, आणि आलेख अधिक दिशेला, म्हणजे वर! नियम एकच आहे. आपण य सुटा ठेवून लिहितो म्हणून दोन वाटतात. वर्गात हे सांगायला दोन मिनिटं पुरतात, तरी का सांगत नाहीत कोण जाणे.

गुणाकाराचंही तसंच. साइन २क्ष ची लाट ३६०° ऐवजी १८०° मध्येच पुरी होते. परीक्षेत फसवतात ते साइन (२क्ष − ६०°) देऊन. पोरं ६०° सरकवून मोकळी होतात. आधी २ बाहेर काढ: २(क्ष − ३०°). सरकायचं फक्त ३०°. पटत नसेल तर क्ष = ३०° घालून बघ, कंस शून्य होतो.