मणके ३३ की २६?

प्रश्न: मुलगी बायोलॉजी शिकतेय. तिच्या पुस्तकात मणके ३३ लिहिलेत, भिंतीवरच्या चार्टवर २६. शिवाय अक्षीय सांगाड्यात (म्हणजे डोकं, पाठीचा कणा आणि छाती या शरीराच्या मधल्या भागात) हाडं ८० असंही आहे. नक्की पाठ काय करायचं?

उत्तर: ताई, दोन्ही आकडे बरोबर आहेत, भानगड फक्त मोजणीची आहे. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, झाले २४, इथपर्यंत काही वाद नाही. गोंधळ त्याच्या खाली होतो. तिथले ५ मणके लहानपणी सुटे असतात आणि मग हळूहळू सांधत जाऊन साधारण पंचविशीपर्यंत त्यांचं एकच तिकोनी हाड होतं, त्याला त्रिकास्थी म्हणतात, डॉक्टर सेक्रम म्हणतात. त्याच्या टोकाला माकडहाड, ते बहुतेकांचं ४ तुकड्यांचं, कुणाचं ३ तर कुणाचं ५. तुकडे सुटे धरले की ३३, जोडून एकेक धरले की २४ अधिक २ म्हणजे २६. त्यामुळे ३३ हा आकडासुद्धा अगदी दगडावरची रेघ नाही, एखाद्याचे ३२ किंवा ३४ भरू शकतात.

आता ८०. कवटीची २२ (चेहरा आणि खालचा जबडा धरून), दोन्ही कानांतली मिळून इवलीशी ६, घशातलं हायॉइड १, मणके २६, बरगड्या २४, छातीच्या मधलं हाड १. करा बेरीज. म्हणजे पुस्तक एकीकडे ३३ म्हणतं आणि ८० सांगताना गुपचूप २६ धरतं, मग मुलं गोंधळणार नाहीत तर काय! अख्ख्या शरीराची २०६ हाडं म्हणतात त्यातही मणके २६च धरलेले असतात. खांद्याचं पातं, कॉलरबोन आणि खुब्याची हाडं या ८०मध्ये नाहीत बरं का, ती हातापायांच्या हिशोबात जातात.

आणि ते हायॉइड भारी प्रकरण आहे, इंग्रजी यू च्या आकाराचं, जिभेच्या मुळाशी, आणि दुसऱ्या एकाही हाडाशी त्याचा सांधा नाही, नुसतं स्नायू आणि दोऱ्यांसारख्या बंधांवर तोललेलं.

मुलीला एक करून बघायला सांगा. मान खाली घालून मानेच्या मागून बोट खाली न्यायचं, खांद्यांच्या लेव्हलला ठसठशीत उंचवटा लागतो, तो बहुतेकदा मानेचा सातवा मणका. पण हाताला लागतं ते मणक्याचं मागे आलेलं शेपूट फक्त, वजन पेलणारा गोल ठोकळा आत पुढच्या बाजूला असतो आणि त्या दोघांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो.

प्रश्न: पुरुषांना एक बरगडी कमी असते हे खरं का?

उत्तर: नाही हो. दोघांनाही १२ जोड्याच. क्वचित कुणाला मानेशी एखादी जास्तीची निघते, ती बाईलाही असू शकते. वरच्या ७ जोड्या थेट छातीच्या हाडाला कूर्चेने (लवचिक कार्टिलेजने) जोडलेल्या, पुढच्या ३ वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकलेल्या, आणि शेवटच्या २ पुढून मोकळ्याच. या मोकळ्या आखूड असतात आणि मागच्या मागेच संपतात, पहिली तर कॉलरबोनच्या मागे दडलेली, त्यामुळे घरी बोटाने चाचपून एका बाजूला ९-१० भरल्या तर बाकीच्या आत आहेत, हरवलेल्या नाहीत.