चार सेकंद

प्रिय मुली,

दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या बाईवरच्या तुझ्या पटकथेचा ड्राफ्ट वाचला. शेवटच्या पानाखाली पेन्सिलीने लिहिलेली ओळही वाचली: निर्माते म्हणतात, नवरा दारुडा दाखवा, नाहीतर कॉन्फ्लिक्टच नाही. काय करू?

त्या बाईचा नवरा दारूला शिवत नाही, हे तूच मला सांगितलंस. तो गोठा बघतो, ती दुधाचा टेम्पो चालवते. मग मला विचारतेस कशाला? नुसतं विचारलं असतंस तर गप्प बसलो असतो. पण पुढे लिहिलंस, इस्रोच्या मंगळयानावरच्या ‘मिशन मंगल’ सिनेमातही किती तरी घुसडलं होतं, तरी चाललाच की! तिथे माझा चहा गार झाला.

चालला, कबूल. १५ ऑगस्ट २०१९ ला लागला आणि दोनशे कोटींच्या वर गेला. शास्त्रज्ञ बायका मोठ्या पडद्यावर आल्या, नायिका तारा शिंदे, हेही बरंच झालं. पण मी थिएटरमधून बाहेर पडलो तो चिडून. मंगळयानाची कात्रणं जमवून ठेवणारा माणूस मी. मला पुऱ्या दाखवल्या! तेल तापलं की गॅस बंद करा, उरलेल्या उष्णतेवर पुऱ्या तळल्या जातात, तसं इंधन वाचवा. वर टोमणे मारायला नासातून आलेला एक साहेब.

आता खरं काय होतं ते बघ. मोठं रॉकेट, जीएसएलव्ही, २०१० मध्ये दोनदा कोसळलेलं. उरलं त्याहून लहान पीएसएलव्ही, आणि त्याच्यात यान थेट मंगळाकडे फेकायची ताकद नाही. म्हणून पृथ्वीभोवतीच फिरवायचं आणि दर फेरीला पृथ्वीच्या अगदी जवळ आलं, वेग सगळ्यात जास्त असला, की तेवढ्यापुरतं इंजिन पेटवायचं. झोपाळ्याला तळाशी असताना रेटा देतात ना, तसं. असं करत कक्षा लांबवत न्यायची. यात पुरी कुठे आहे?

लाल किल्ल्यावरून घोषणा झाली १५ ऑगस्ट २०१२ ला, उड्डाण ५ नोव्हेंबर २०१३ ला. सव्वा वर्ष नाही मिळालं! ती वेळ चुकली असती तर पृथ्वी-मंगळाचा पुढचा सोयीचा मुहूर्त थेट २०१६ मध्ये. रॉकेटचा चौथा टप्पा पेटणार दक्षिण पॅसिफिकवर, त्याचे सिग्नल टिपायला तिथे दोन जहाजं उभी करायची, नालंदा आणि यमुना. नालंदा खराब हवामानात अडकलं आणि उड्डाण आठवडाभर पुढे गेलं. सगळं तयार, आणि एका बोटीची वाट बघत बसलेली माणसं! हा सीन मला फुकट मिळाला असता तर मी पायी श्रीहरिकोट्याला गेलो असतो.

अजून ऐक. ११ नोव्हेंबरच्या पहाटे यानाला एक लाख किलोमीटरपर्यंत चढवायचं होतं, ते अठ्ठ्याहत्तर हजारांवरच थांबलं. इंधनाची झडप उघडायला विजेच्या दोन कॉइल, एक मुख्य आणि एक राखीव. एकेक चालवल्या तर ठीक, दोन्ही एकदम चालवल्या आणि इंधनाचा प्रवाहच बंद. दुसऱ्या दिवशी कसर भरून काढली. आणि तेच इंजिन पुढे सुमारे तीनशे दिवस बंद पडून होतं. २२ सप्टेंबर २०१४ ला ते पेटतं का, हे बघायला जेमतेम चार सेकंद पेटवलं. पेटलं. दोन दिवसांनी मंगळाच्या कक्षेत शिरायला ते चोवीस मिनिटं चालवायचं होतं, त्यातला बराच वेळ यान मंगळाआड गेलेलं असताना, आणि इथपर्यंत निरोप यायला बारा मिनिटं.

चार सेकंद गं! यात दारुडा नवरा कुठे बसवतेस?

खरी अडचण शोध. ती सापडली नाही म्हणून खोटी आणून बसवायची नाही. ती सापडत नाही, कारण आपण विचारायला जात नाही. जातो ते फोटो काढायला.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मी ऐकलं नाही. खूप वर्षांपूर्वी एका मालिकेसाठी रात्रशाळा चालवणाऱ्या एका गुरुजींवर भाग लिहिला. वरून निरोप आला, विरोध पाहिजे. मी त्यांच्या भावाला पुस्तकं जाळायला लावलं. भाऊ जिवंत होता. गाव त्याला ‘पुस्तकं जाळणारा’ म्हणूनच हाक मारायला लागलं. गुरुजी भेटले तेव्हा रागावलेही नाहीत. चहा झाल्यावर म्हणाले, “अहो, तो दर शनिवारी सात मैल चालून कंदिलाचं रॉकेल आणायचा. रॉकेल संपलं की शाळा बंद.”

रॉकेल. माझा अख्खा भाग त्या डब्यात होता आणि मी वास घेतला नाही.

तेव्हा चार दिवसांत लिहून द्यायचं होतं, धाकटीची फी भरायची होती, आणि भाग गाजलाही, लोकांनी पत्रं पाठवली. हे सगळं मी स्वतःला अजून सांगतो. तुला वाटेल, म्हाताऱ्याला आता सुचतंय, पैसे घेऊन झाल्यावर. वाटू दे. पण त्यानंतर ज्या दोन कामांना मी नाही म्हटलं, ती माझ्या हट्टामुळे गेली असं सगळे म्हणतात. हट्टामुळेच गेली. त्या भावाला मात्र मी शेवटपर्यंत भेटलो नाही.

खरी अडचण शोध, मुली. तुझ्याच ड्राफ्टात, नवव्या पानावर, एक ओळ आहे: “सीट मागे होतं म्हणून ती पाठीला उशी लावते.” म्हणजे क्लचपर्यंत तिचा पाय पुरत नाही. घाटात, पहाटे चारला, मागे भरलेले कॅन. आणि तू त्यावरून एका ओळीत निघून गेलीस! उशी कुणी शिवली? दूध संकलन केंद्र किती वाजता बंद होतं? उशीर झाला की नासलेल्या दुधाचे पैसे कुणाच्या खात्यातून कापतात?

निर्मात्याला पुढच्या आठवड्यात भेटू, मी येतो बरोबर. तुझ्याकडून तो चिडेल, माझ्याकडून फक्त कंटाळेल.

त्याआधी शनिवारी तिच्या टेम्पोत बस. मागे नाही, पुढे, तिच्या शेजारी. कॅमेरा घरी ठेव. उलटीची गोळी घे, तो घाट वाईट आहे.

तुझा,
काका